‘वाढीचे संकेत तंतूंना लक्ष्यापर्यंत नेतात’ : एका शास्त्रीय वाक्याची भाषिक चिकित्सा

१

मराठीतून शास्त्र शिकविण्याचा प्रश्न निघाला म्हणजे चर्चा बहुधा पारिभाषिक संज्ञांपाशी येऊन थांबते. अमुक इंग्रजी संज्ञेस कोणता प्रतिशब्द योजावा, तो संस्कृतातून घडवावा की बोलीतून उचलावा, ह्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु संज्ञा निश्चित झाल्यानंतर त्या ज्या वाक्यांत गुंफल्या जातात, त्या वाक्यांची परीक्षा क्वचितच केली जाते. वस्तुतः शास्त्रीय विधान खरे वा खोटे ठरते ते वाक्याच्या पातळीवर. वाक्यात कर्ता असतो, कर्म असते, क्रियापद असते. आणि ह्या संबंधांतून जो अर्थ सूचित होतो, त्यावर संज्ञाकोशाची सत्ता चालत नाही.

प्रस्तुत निबंधात असे एकच वाक्य परीक्षेसाठी घेतले आहे. ‘वाढीचे संकेत वाढत्या संवेदी तंतूंना लक्ष्यापर्यंत नेतात’ ह्या अर्थाचे विधान गर्भावस्थेतील चेतासंस्थेच्या कोणत्याही सुगम विवेचनात ह्या ना त्या रूपाने येते. ते कोणा एका ग्रंथकाराचे नव्हे. इंग्रजी वाक्य समोर ठेवून मराठी लिहू लागले की ते जणू आपोआपच सिद्ध होते, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

ह्या चिकित्सेचे निकष दोन आहेत. पहिला निकष प्रयोगाचा : वाक्य जे सांगते ते गेल्या शतकभरातील प्रयोगांशी जुळते काय? दुसरा निकष ऐकणाऱ्याचा. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा जो ग्रामीण व डोंगराळ भाग उरला, त्यातील मोठा वाटा ह्या दोन तालुक्यांचा आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशा अनेक समाजांची बोली येथे प्रमाण मराठीच्या शेजारी नांदते. शासकीय आश्रमशाळांतील मुले विज्ञान मराठीतूनच शिकतात. आणि त्याच मुलांच्या घरी चेतातंतूंच्या आजाराचे व इजेचे अनुभव प्रत्यक्ष असतात. भातखाचरांतील सर्पदंश आणि कुष्ठरोगाचा बधीर चट्टा ह्या दोन गोष्टी येथे पुस्तकातल्या नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सर्पदंशविषयक राष्ट्रीय प्रकल्पासाठी महाराष्ट्रातील जी क्षेत्रे निवडली, त्यांत शहापूर तालुका आहे. म्हणून जे वाक्य प्रयोगशाळेत टिकते, पण शहापूरच्या वर्गात किंवा मुरबाडच्या रुग्णालयातील रांगेत अर्थ हरवते, ते अर्धेच खरे मानले पाहिजे.

वाक्यातील चार पदे क्रमाने तपासावयाची आहेत : ‘वाढ’, ‘संकेत’, ‘लक्ष्य’ आणि ‘नेणे’. तत्पूर्वी ‘तंतू’ ह्या पदाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

२

ज्या तंतूंविषयी हे वाक्य बोलते, त्यांस मराठीत तीन नावे आहेत. ‘मज्जातंतू’ हे सर्वांत रुळलेले. परंतु आयुर्वेदाच्या सप्तधातूंत मज्जा म्हणजे हाडांतील मगज. तिचा संवेदनेशी संबंध नाही. पाठीच्या कण्याच्या पोकळीतील रज्जू हा हाडातील मगजासारखा दिसतो, ह्या साम्यावरून ही योजना झाली असावी. शालेय पुस्तकांनी ‘चेता’ हा शब्द पत्करला, आणि विश्वकोशाने ‘तंत्रिका’ ह्या अखिल भारतीय संज्ञेस स्थान दिले. ‘तंत्रिका’ उच्चारताच अनभ्यस्त वाचकाच्या मनात तांत्रिक येतो, आणि ‘चेता’ म्हणताच चेतना. तीन नावांपैकी एकही बोलीतले नाही. बोलीत ‘शीर’ व ‘नस’ हे शब्द आहेत. पण ते रक्तवाहिनी, स्नायूचा कंडरा आणि चेतातंतू ह्या तिन्हींस सरसकट लावले जातात. ‘शीर दबली’, ‘नस आखडली’ असे म्हणणाऱ्यास ह्यांतील नेमके काय अभिप्रेत आहे, हे केवळ शब्दावरून ठरविता येत नाही.

येथे बोलीचे दारिद्र्य आहे असा निष्कर्ष मात्र काढू नये. अवयवाच्या नावात बोली ढोबळ असली तरी अनुभवाच्या वर्णनात ती सूक्ष्म आहे. मुंग्या येणे, झिणझिण्या येणे, कळ येणे, ठणकणे, चुरचुरणे, हुळहुळणे, बधीर होणे ह्या प्रत्येक क्रियेची छटा निराळी आहे, आणि त्यांतील कित्येक छटा वेगवेगळ्या प्रकारच्या संवेदी तंतूंशी प्रत्यक्ष जुळतात. ‘बधीर’ हा शब्द तर उद्‌बोधक आहे. संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा. एका इंद्रियाचे वैगुण्य दाखविणारा शब्द मराठीने त्वचेच्या वैगुण्यास लावला. न ऐकणारी कातडी ती बधीर कातडी. ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे ह्या धातूपासून आला आहे. दुखणे हा जाणण्याचाच एक प्रकार, हे भाषेने फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. ह्या निरीक्षणाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

प्रस्तुत निबंधात ‘चेतातंतू’ हा शालेय शब्द वापरला आहे. संवेदी चेतापेशींचे देह मेरुरज्जूच्या दोहों बाजूंस गुच्छिकांमध्ये वसलेले असतात. अशा प्रत्येक पेशीतून निघणाऱ्या तंतूची एक शाखा त्वचेकडे वा स्नायूकडे जाते, दुसरी मेरुरज्जूत शिरते. गर्भात ह्या शाखा आपापल्या ठिकाणी कशा पोचतात, हा मूळ प्रश्न.

३

पहिले पद ‘वाढ’. सांतियागो रामोन इ काहाल ह्या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १८९० साली कोंबडीच्या गर्भात वाढत्या तंतूच्या टोकाशी असलेला वर्धनशंकू ओळखला, आणि १८९२ साली असा तर्क मांडला की हा शंकू रासायनिक द्रव्यांच्या ओढीने आपली दिशा ठरवीत असावा. रॉस हॅरिसन ह्याने १९०७ साली बेडकाच्या गर्भातील ऊतक लसीकेच्या थेंबात जिवंत ठेवून तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. पण ‘वाढविणारे द्रव्य’ ही कल्पना रूढ झाली ती दुसऱ्या एका मार्गाने, आणि तो मार्ग सर्पविषातून जातो.

१९३४ साली व्हिक्टर हॅम्बर्गर ह्यांनी कोंबडीच्या गर्भातील पंखाचा अंकुर काढून टाकला तेव्हा त्या बाजूच्या चेतापेशी कमी झाल्याचे आढळले. त्यांचा समज असा की, अंकुराअभावी पेशी तयारच होत नाहीत. युद्धकाळात इटलीतील तूरिन येथे ज्यू म्हणून विद्यापीठाबाहेर घालविल्या गेलेल्या रीता लेवी-मोंतालचिनी ह्यांनी घरातच हा प्रयोग पुन्हा केला आणि निराळे निदान केले : पेशी तयार होतात, पण ठिकाण न मिळाल्याने मरतात. पुढे त्या सेंट लुईस येथे हॅम्बर्गरांकडे गेल्या. एल्मर ब्यूकर ह्यांनी १९४८ साली गर्भावर उंदराच्या मांसार्बुदाचे कलम केले असता संवेदी तंतू त्यात मुबलक शिरल्याचे दाखविले होते. अर्बुदाचा गर्भाच्या ऊतकाशी स्पर्श नसतानाही परिणाम होतो असे जेव्हा आढळले, तेव्हा विद्राव्य द्रव्याचे अस्तित्व मान्य करावे लागले. रिओ द जानेरो येथे काचपात्रातील गुच्छिकेभोवती तंतूंचे प्रभामंडळ उमटलेले लेवी-मोंतालचिनींनी पाहिले.

त्या द्रव्याचे शुद्धीकरण करीत असता स्टॅन्ली कोहेन ह्यांनी त्यातील न्यूक्लिइक आम्ल तोडण्यासाठी सर्पविषाचा उपयोग केला. विष हे केवळ हत्यार म्हणून घेतले होते. परंतु १९५६ साली असे दिसून आले की खुद्द विषातच ते द्रव्य अर्बुदापेक्षा कितीतरी अधिक आहे. सापाची विषग्रंथी ही लालाग्रंथीचेच रूप असल्यामुळे नंतर उंदराच्या लालाग्रंथी तपासण्यात आल्या आणि तेथे ते विपुल सापडले. ह्या कार्याबद्दल दोघांस १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष म्हणजे आपल्याकडील नागाच्या विषातूनही हे प्रथिन वेगळे करण्यात आले आहे.

अशा रीतीने ‘चेतावृद्धिकारक’ हे नाव जन्मास आले. ते नाव प्रभामंडळाला साजेसे होते. परंतु लेवी-मोंतालचिनींच्या मूळ निदानाशी ते पुरते जुळत नाही. त्या निदानाचा गाभा ‘जगणे’ हा होता, ‘वाढणे’ हा नव्हे. गर्भात चेतापेशी गरजेपेक्षा जास्त निर्माण होतात. ठिकाणी मिळणाऱ्या मर्यादित द्रव्यावर ज्यांचे भरणपोषण होते त्या टिकतात, उरलेल्या मरतात.

हे प्रथिन वाट दाखविते काय? १९७९ साली गुंडरसन व बॅरेट ह्यांनी सूक्ष्म नळीतून ते सोडले असता कोंबडीच्या संवेदी तंतूंची टोके नळीकडे वळली. एवढ्यावरून ‘वृद्धिकारकच तंतूंना ओढून नेतो’ असे म्हणण्याचा मोह सहज होतो. पण काचपात्रात जे शक्य आहे, ते गर्भात घडतेच असे नाही. लम्सडेन व डेव्हिस ह्यांनी १९८३ साली दाखविले की उंदराच्या चेहऱ्याकडे जाणारे तंतू काचपात्रात आपले ऊतक अचूक ओळखतात. १९८७ साली डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कालक्रम तपासला, तेव्हा त्वचेतील चेतावृद्धिकारकाची निर्मिती तंतू तेथे पोचण्याच्या सुमारास सुरू होते असे आढळले. जे द्रव्य प्रवास संपताना निर्माण होते, ते प्रवासाचा वाटाड्या असू शकत नाही. ह्यावर निर्णायक प्रयोग २०००च्या सुमारास झाला. चेतावृद्धिकारक नसलेल्या उंदरांत पेशींचा मृत्यूही जनुकीय उपायाने थांबविण्यात आला. पेशी जगल्या, तंतू त्वचेच्या परिसरापर्यंत गेले. परंतु त्वचेच्या वरच्या थरांत त्यांचे जाळे पसरले नाही. म्हणजे दूरच्या प्रवासाला हे द्रव्य आवश्यक नाही. जगण्याला आणि शेवटच्या टप्प्यात फांद्या फुटण्याला ते आवश्यक आहे.

ह्या ठिकाणी दोन ग्रीक शब्दांचा घोटाळा इंग्रजीतही आहे. ‘ट्रॉफिक’ म्हणजे पोषणविषयक आणि ‘ट्रॉपिक’ म्हणजे वळण्याविषयीचे. देवनागरीत ह्या दोहोंत ‘फ’ आणि ‘प’ एवढाच भेद राहतो, आणि मुद्रणात तोही हरवतो. मराठीत मात्र हा भेद स्वच्छ ठेवण्याची सोय आहे : ‘पोषण’ आणि ‘वळण’. मुलाचे पोषण करणे वेगळे आणि त्याला वळण लावणे वेगळे, हे शहापुरातील कोणत्याही आईस समजावून सांगावे लागत नाही. ‘वाढ’ ह्या एका पदाने हे दोन्ही अर्थ एकत्र कोंबले, हा त्या वाक्याचा पहिला दोष होय.

४

दुसरे पद ‘संकेत’. ह्याविषयीचा निर्णय अपेक्षेहून निराळा आहे. आजच्या सामान्य मराठीत संकेत म्हणजे इशारा किंवा खूण; आणि इशारा म्हटला की तो करणारा कोणी सहेतुक असतो. ह्या अर्थाने हे पद सदोष ठरेल. परंतु भारतीय भाषाविचारात, विशेषतः न्यायशास्त्रात, संकेताचा अर्थ वेगळा आहे. अमुक शब्दापासून अमुक अर्थ जाणावा असा जो नियम, तो संकेत. शब्दाच्या ध्वनीत अर्थ भरलेला नसतो. ऐकणाऱ्यास संकेत ज्ञात असेल तरच तो अर्थ देतो.

वर्धनशंकूला भेटणाऱ्या प्रथिनांची गोष्ट नेमकी अशीच आहे. १९९३ साली कोंबडीच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे करण्यात आले. त्याच्या स्पर्शाने संवेदी तंतूंचा वर्धनशंकू आकसून खचतो. हे प्रथिन पुढे सेमाफोरिन ह्या कुलात समाविष्ट झाले. सेमाफोर म्हणजे हात वरखाली करून खूण देणारा रेल्वेचा खांब. परंतु एकाच खांबाचा अर्थ सर्व गाड्यांना सारखा असतो, तसे येथे नाही. १९९५ साली असे दिसले की मेरुरज्जूच्या पोटाकडील भागातून सुटणारे हे प्रथिन वेदना वाहणाऱ्या तंतूंस दूर सारते, आणि स्नायूंच्या ताणाची वार्ता आणणाऱ्या तंतूंवर त्याचा तसा परिणाम होत नाही. ते खोल आतपर्यंत जातात. शब्द एक, श्रोते दोन, अर्थ दोन. नेट्रिन ह्या प्रथिनाविषयी तर १९९७ साली असे आढळले की, वर्धनशंकूच्या आतील एका लहान रेणूचे प्रमाण बदलले तर आकर्षणाचे प्रतिसारण होते.

तात्पर्य, रेणूच्या अंगी ‘ये’ किंवा ‘जा’ असा अर्थ नाही. तो ग्राहकावर आणि पेशीच्या आंतरिक अवस्थेवर अवलंबून आहे. म्हणून चार पदांपैकी ‘संकेत’ हे पद टिकविण्यास हरकत नाही, मात्र त्याचा अर्थ ‘इशारा’ असा न सांगता ‘ठरलेली खूण, जी ओळखणाऱ्यालाच कळते’ असा सांगितला पाहिजे. येथे जुने शास्त्र नव्या शास्त्राच्या उपयोगी पडते. न्यायशास्त्रकारांना ह्या रेणूंची कल्पना होती असा अर्थ ह्यातून कोणी काढू नये; तसा दावा करणे म्हणजे दोन्ही शास्त्रांचा उपमर्द होय. शब्द आणि अर्थ ह्यांचा संबंध कसा असतो ह्याचे एक चांगले वर्णन त्यांनी केले होते, आणि ते येथे लागू पडते, एवढेच.

५

तिसरे पद ‘लक्ष्य’. हा शब्द धनुर्विद्येतला. बाण सुटण्यापूर्वी लक्ष्य निश्चित असते, ते स्थिर असते आणि बाणाच्या येण्याजाण्याने त्याचे स्वरूप ठरत नाही. ह्या तिन्ही गोष्टी येथे खोट्या आहेत.

वर सांगितल्याप्रमाणे त्वचेतील पोषक द्रव्याची निर्मिती तंतूंच्या आगमनाच्या सुमारास सुरू होते. स्नायूंतील तर्कूच्या आकाराचे संवेदी अवयव तर संवेदी तंतूचा स्पर्श झाल्यावाचून घडतच नाहीत. म्हणजे ज्याला लक्ष्य म्हणावयाचे ते पाहुणा आल्यानंतर उभे राहणारे घर आहे. शिवाय पुष्कळशा पेशी पोचूनही टिकत नाहीत. बाण लक्ष्यात रुतल्यावर मरत नाही.

ह्यास पर्याय म्हणून ‘मुक्काम’ हा शब्द सुचविता येतो. मुक्कामी पोचणे ह्यात प्रवास आहे, वस्ती आहे, आणि वस्तीवर अन्नपाणी मिळेल की नाही ही अनिश्चितताही आहे. खेड्यातील पत्राच्या पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहिणाऱ्या समाजास तो परका नाही. तो अरबी वळणाचा असल्यामुळे शास्त्रीय गद्यात शोभणार नाही, ही हरकत मान्य करण्यासारखी नाही. मराठीतील शास्त्र संस्कृतोद्‌भव शब्दांनीच बोलले पाहिजे, हा दंडक भाषाशास्त्राने घातलेला नाही.

६

चौथे पद ‘नेतात’. येथे प्रश्न सर्वांत रोचक होतो, कारण हे क्रियापद आणि ज्या प्रथिनावरून ही सर्व कल्पना लोकप्रिय झाली त्याचे नाव, दोन्ही एकाच धातूतून निघाली आहेत.

१९९४ साली मार्क टेसिए-लव्हीन्य ह्यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूतून दोन प्रथिने शोधली. मेरुरज्जूच्या तळपट्टीकडे जाणाऱ्या तंतूंस ती ओढतात, असा निष्कर्ष निघाला. आणि त्यांस संस्कृत ‘नेतृ’ ह्या शब्दावरून नाव देण्यात आले. ‘नी’ धातूपासून नेतृ, नायक, नीती, नय, नेत्र असे अनेक शब्द झाले. मराठीचे रोजचे ‘नेणे’ही तेथलेच. अमेरिकेतील प्रयोगशाळेने संस्कृतातून उचललेला शब्द इंग्रजी वर्णांतून परत येताना मराठीत ‘नेट्रिन’ झाला, ‘त’चा ‘ट’ झाला, आणि घरचा शब्द ओळखू येईनासा झाला. शाळेतल्या मुलास हा शब्द फळ्यावर ‘नेत्रिन’ असा लिहून दाखविला तर त्यास तो डोळ्याशी संबंधित वाटेल, अशी भीती आहे; परंतु नेत्र म्हणजेही ‘नेणारा’. ह्यास्तव ‘नेत्रिन’ हे लेखन स्वीकारून व्युत्पत्ती एकदा समजावून द्यावी, हे अधिक श्रेयस्कर होय.

परंतु व्युत्पत्ती सुंदर आहे म्हणून नाव यथार्थ ठरत नाही. पहिली गोष्ट, हा ‘नेता’ सर्वांस नेत नाही. १९९५ सालीच असे दिसून आले की, डोळ्याच्या एका स्नायूकडे जाणाऱ्या तंतूंस तो दूर लोटतो. संवेदी तंतूंच्या बाबतीत २००६ साली जपानी संशोधकांनी दाखविले की मेरुरज्जूच्या पाठीकडील भागात तो अडसराचे काम करतो. तेथे येऊन पोचलेले तंतू लगेच आत शिरत नाहीत. काही काळ बाहेर थांबतात. इंग्रजीत ह्यास ‘थांबण्याचा काळ’ म्हणतात. मराठीत ‘वाट पाहणे’ ह्या प्रयोगात वाट आणि थांबणे दोन्ही एकत्र आहेत. तंतू खरोखरीच वाटेवर वाट पाहतात.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. १९९४ नंतरच्या वर्णनांत तळपट्टीतून पसरणारे हे द्रव्य दूरवरच्या दिव्याप्रमाणे चित्रित केले जाई. २०१७ साली दोन स्वतंत्र संशोधनगटांनी उंदरांत केवळ तळपट्टीतील निर्मिती बंद केली, तरीही पुष्कळसे तंतू आपल्या मार्गाने गेले. उलट मार्गाकाठच्या पेशींतील निर्मिती बंद करताच गोंधळ उडाला. नंतरच्या प्रयोगांनी तळपट्टीचाही वाटा आहे असे दाखविले, तेव्हा प्रश्न एकतर्फी सुटलेला नाही. परंतु नेता दूर उभा राहून बोलावतो हे चित्र पूर्वीसारखे राहिले नाही. ह्या द्रव्याच्या कामाचा मोठा भाग पायाखालची जमीन होण्याचा आहे.

ही भूमिका मराठीत मांडावयास मुरबाड तालुका एक उत्तम उदाहरण पुरवितो. वैशाखऱ्याकडून चढणारा नाणेघाट हा कल्याण–सोपाऱ्याच्या बंदरांना जुन्नरशी जोडणारा, सातवाहनकाळापासूनचा मार्ग. माथ्यावरील लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. ह्या घाटाने मालाचे तांडे शतकानुशतके गेले. त्यांना कोणी नेता नव्हता असे नाही. पण बहुतेकांना नेले ते दोन कड्यांमधील खिंडीने, खोदलेल्या पायऱ्यांनी आणि आधी गेलेल्यांच्या पावलांनी. मराठीत आपण विचारतो, ‘ही वाट कुठे जाते?’ वाट जाते असे म्हणताना वाटेला हेतू आहे असे कोणी मानीत नाही. मराठी व्याकरणात अचेतन कर्त्याने गतिवाचक क्रियापद घेण्याची ही जी सोय आहे, ती गर्भविकासाच्या वर्णनास अत्यंत अनुकूल आहे.

‘मळलेली वाट’ हा शब्दप्रयोगही येथे अक्षरशः लागू पडतो. लँडमेसर व होनिग ह्यांनी १९८६ साली कोंबडीच्या गर्भातील प्रेरक चेतापेशी आधीच काढून टाकल्या, तेव्हा स्नायूंकडे जाणारे संवेदी तंतू मार्गास लागले नाहीत. पुष्कळसे त्वचेकडील शिरांत गेले. प्रेरक तंतू आधी जाऊन वाट मळवितात आणि संवेदी तंतू त्या वाटेने जातात. येथे ‘संकेत’ म्हणजे पुढे गेलेला सहप्रवासीच होय. मूळ वाक्यात ह्या सहप्रवाशास मुळी जागाच नाही.

७

ही सर्व चर्चा शब्दच्छल आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर दुसऱ्या निकषात आहे.

जपानी संशोधक इंदो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एका दुर्मीळ जन्मजात अवस्थेचे कारण शोधले. ह्या अवस्थेतील मुलांना दुखणे कळत नाही आणि घामही येत नाही. चेतावृद्धिकारकाचा ग्राहक घडविणाऱ्या जनुकात त्यांच्या ठायी दोष असतो. त्यामुळे वेदना वाहणाऱ्या पेशी गर्भातच नष्ट होतात. अशी मुले जीभ चावतात, हाडे मोडून घेतात, भाजून घेतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. ‘वाढीचा संकेत मिळाला नाही म्हणून तंतू लक्ष्यापर्यंत पोचले नाहीत’ हे वर्णन येथे चुकीचे ठरेल. ‘पोषण मिळाले नाही म्हणून पेशी जगल्या नाहीत’ हे वर्णन बरोबर आहे. पहिल्या वर्णनाने वाट चुकलेला तंतू डोळ्यांपुढे येतो, दुसऱ्याने उपाशी पेशी. आणि उपचाराचा विचार दोन्हींत वेगळा होतो.

कुष्ठरोगात जंतू तंतूंभोवतीच्या आवरणपेशींत शिरतात. कुष्ठरुग्णांच्या त्वचेत चेतावृद्धिकारक घटल्याचेही आढळले आहे. राष्ट्रीय पातळीवर हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून २००५च्या अखेरीस निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, तरी नवे रुग्ण आढळण्याचे थांबलेले नाही, आणि घरोघरच्या पाहणीत आरोग्यसेविकेस प्रश्न विचारावाच लागतो. ‘अंगावर संवेदनाहीन चट्टा आहे काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे येणार, कारण मराठीत संवेदना हा शब्द मनाच्या हळवेपणाकडे गेला आहे. ‘हात लावलेला कळत नाही असा डाग आहे का?’ हा प्रश्न मात्र कोणत्याही पाड्यावर समजेल. ‘कळ’ म्हणजे दुखणे आणि ‘कळणे’ म्हणजे जाणणे. व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूस ठेवला तरी बोलणाऱ्याच्या मनात हे दोन शब्द शेजारी राहतात. दुखत नाही म्हणून रोगी येत नाही. कळत नाही म्हणून यावे, हे त्यास सांगावयाचे असते.

मण्यारीच्या दंशाचे उदाहरण ह्याहून तातडीचे आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास होणारा हा दंश पुष्कळदा फारसा दुखत नाही, सूज नसते. पण विष तंतू व स्नायू ह्यांमधील जोड निकामी करते आणि पापण्या जड होऊन पुढे श्वास थांबतो. ‘दुखले नाही, तेव्हा काही नाही’ हे अनुमान येथे प्राणघातक ठरते. वेदना वाहणारे तंतू आणि हालचाल करविणारे तंतू हे वेगळे असतात, त्यांची वाढ वेगळी, पोषण वेगळे, शत्रू वेगळे, ही गोष्ट ज्याने शाळेत नीट समजून घेतली आहे तो हे अनुमान करणार नाही. ‘वाढीचे संकेत तंतूंना नेतात’ ह्या वाक्यात सर्व तंतू एकच असल्यामुळे हा बोध त्यातून होणे अशक्य आहे. चेतातंतूस पोसणारे आणि त्यास निकामी करणारे द्रव्य सर्पविषात शेजारी शेजारी असू शकते, हे सांगितल्याने तर विज्ञानाचा तास आणि शेताचा बांध ह्यांतील अंतर पुष्कळच कमी होईल.

८

आता मूळ वाक्याऐवजी काय लिहावे हे सांगणे टीकाकाराचे कर्तव्य ठरते. एका वाक्यास एकच पर्यायी वाक्य देणे शक्य नाही, कारण त्या वाक्याचा दोष हाच की त्याने निरनिराळी कामे एका क्रियापदावर लादली. पर्याय पुढीलप्रमाणे राहील :

‘संवेदी तंतू गर्भात वाट काढीत जातात. पायाखालचे ऊतक, आधी गेलेले तंतू आणि ठिकठिकाणच्या खुणा ह्यांवरून त्यांना वळण मिळते. एकच खूण एका तंतूस जवळ आणते आणि दुसऱ्यास दूर सारते. कारण खुणेचा अर्थ तिला ओळखणाऱ्या तंतूवर अवलंबून असतो. काही ठिकाणी तंतू थांबून वाट पाहतात. मुक्कामी पोचलेल्या तंतूंपैकी ज्यांना तेथे पोषण मिळते त्यांच्या पेशी जगतात व त्यांना फांद्या फुटतात. इतर पेशी मरतात.’

ह्यात संस्कृतप्रचुर संज्ञा मोजक्या आहेत आणि शास्त्राचा बळी दिलेला नाही. उलट मूळ वाक्याने जे झाकले होते ते येथे उघड झाले आहे. सुबोधता व काटेकोरपणा ह्यांत विरोध आहे असे गृहीत धरून आपल्याकडे कित्येकदा एकीसाठी दुसऱ्याचा त्याग केला जातो. निदान ह्या एका प्रकरणात तरी हे गृहीतक खरे ठरत नाही.

एक मर्यादा मात्र नमूद केली पाहिजे. ‘वाट’, ‘मुक्काम’, ‘पोषण’ ही देखील रूपकेच आहेत. वाटही शेवटी माणसाची असते. पेशी उपाशी राहते असे म्हणणे हाही एक आरोपच. रूपकावाचून शास्त्र लिहिता येत नाही. म्हणून रूपक टाळण्याचा आग्रह न धरता, कोणते रूपक कोठवर चालते आणि कोठे थांबते, हे विद्यार्थ्यास शिकविणे हाच मार्ग होय. नेता ह्या रूपकाची हद्द दिसावयास १९९४ पासून २०१७ पर्यंत तेवीस वर्षे लागली. वाट ह्या रूपकाचीही हद्द कधीतरी दिसेल. तोपर्यंत पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील अशा रूढ वाक्यांची, संज्ञांची नव्हे तर क्रियापदांची, यादी करावयास घ्यावी आणि प्रत्येक क्रियापद प्रयोगावर व पाड्यावर घासून पाहावे. संज्ञाकोशांचे काम पुष्कळ झाले आहे; हे काम अद्याप व्हावयाचे आहे.